चौकशीच्या खिडकीतला विद्यार्थी
(रायपूर येथील रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 साली रायपुरात सुरू झाले. त्यानंतर गँगमनच्या नि पोस्टमनच्या मुलांना पदवीसाठी गाव सोडण्याची गरज कमी झाली. आज शहरात विद्यापीठे वाढली आहेत आणि आपल्यापुढे एक नवा प्रश्न आला आहे. शिकत असतानाच एखाद्या विद्यापीठाच्या कार्यालयात समोरच्या टेबलावर बसायचे काम मुलाला किंवा मुलीला मिळाले, तर ते करावे की नाही? पालक युनियनच्या कचेरीत येऊन आम्हाला हे विचारतात. आमचे उत्तर असे की जरूर करावे, पण अटी कागदावर घेऊन करावे.

हे काम हलके नाही. आपल्या चौकशीच्या खिडकीसारखेच ते आहे. गुणपत्रिकेतील चूक, अडकलेली शिष्यवृत्ती, स्थलांतर प्रमाणपत्र, फी भरण्याची शेवटची तारीख, या सगळ्याची रांग आधी त्या टेबलापुढे लागते. आत बसलेल्या अधिकाऱ्याने उशीर केला तरी बोलणी बाहेरच्यालाच खावी लागतात. अर्ज घेऊन पोच देणे, आवक रजिस्टरात नोंद करणे, खेड्यातून आलेल्या माणसाला न दुखावता समजावणे, हे शिकलेला मुलगा पुढे कोठेही अडत नाही. त्यांच्यातल्याच एकाला कधी प्रमुख करतात. बाकीच्यांच्या पाळ्या लावायच्या, कोणी आला नाही तर स्वतः बसायचे. मॅनेजर हे नाव मोठे, पण मानधन बहुधा इतरांइतकेच. तेव्हा नावावर भुलू नये.

आपल्या महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि श्रमाला शिक्षणात मान दिला. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कमवा व शिका योजनेला त्यांचेच नाव आहे. पण भाऊरावांच्या वसतिगृहात मुलांचा घाम मुलांच्याच ताटात अन्न होऊन परत येत असे. कोणाची नोकरी वाचवून पैसा शिल्लक टाकण्यासाठी तो घाम नव्हता. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

याबाबतीत रेल्वेचाच इतिहास बोलका आहे. 1973 साली रेल्वेने एक योजना काढली. गर्दीच्या हंगामात रेल्वे कर्मचाऱ्यांच्या शिकणाऱ्या मुलामुलींना, कॉलेजची वेळ सोडून, तिकीट खिडकीवर बसवायचे आणि तासावर मानधन द्यायचे. त्यांना स्वयंसेवक, मोबाईल बुकिंग क्लार्क म्हणत. हंगाम संपला तरी अनेकांचे काम संपले नाही. काही जण वर्षानुवर्षे त्याच खिडकीवर राहिले. काम कायम, माणूस मात्र स्वयंसेवक! नोव्हेंबर 1986 मध्ये योजना बंद झाली आणि या मुलांना घरी बसवण्याची वेळ आली. ती न्यायाधिकरणात गेली. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने 1987 साली त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ठरलेली सेवा भरलेल्यांना सामावून घेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या निकालासाठी उपयोगी पडले ते कागद: कोणत्या दिवशी, किती तास, कोणाच्या हुकमाने काम केले याची नोंद.

टपाल खात्यातील साथींना हे वेगळे सांगायला नको. खात्याबाह्य कर्मचाऱ्यांना, म्हणजे आजच्या ग्रामीण डाक सेवकांना, नेहमी हेच ऐकवले गेले की तुमचे काम काही तासांचे, पोटाला तुमचे दुसरे साधन आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये त्यांचे पद हे नागरी पद असल्याचे मान्य केले, तरी नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना अजून मिळालेला नाही. विद्यार्थ्यालाही हेच सांगतात की तुझे पोट बाप भरतो, मग तुला पगार कशाला? मित्रहो, मजुरी कामाची असते. ती घरची परिस्थिती बघून ठरवायची नसते.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न उठला आहे. अमेरिकेत सरकारी मदतीने विद्यार्थ्यांना काम देण्याची योजना 1964 पासूनच आहे. तेथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रंथालये, कार्यालये, चौकशीची टेबले सांभाळणाऱ्या सुमारे 20,000 विद्यार्थ्यांसाठी 2024 च्या आरंभी मतदान झाले. मत देणाऱ्यांपैकी 97 टक्के विद्यार्थ्यांनी युनियनच्या बाजूने कौल दिला आणि तेथील कर्मचाऱ्यांच्याच संघटनेत ते सामील झाले. कर्मचारी आणि विद्यार्थी एकमेकांसमोर उभे राहिले नाहीत, ही त्यातली शिकण्याची गोष्ट आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे.

एक, कामाचे पत्र लेखी घ्यावे. त्यात तास, मानधन आणि ते मिळण्याची तारीख असावी.

दोन, हजेरीपटावर रोज सही करावी आणि त्याची नोंद आपल्या वहीतही ठेवावी.

तीन, परीक्षेच्या काळात सुटी मिळेल हे आधीच ठरवून घ्यावे. मुलगा आधी विद्यार्थी आहे.

चार, रोख रक्कम, गुणपत्रिका आणि अधिकाऱ्याचा शिक्का यांची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकू देऊ नये. चूक झाली तर त्याचे वर्ष जाईल.

पाच, काम संपल्यावर अनुभवाचा दाखला मागून घ्यावा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. लिपिकाची जागा रिकामी ठेवून तिथे तीन-तीन तासांचे विद्यार्थी बसवले जात असतील, तर त्या विद्यार्थ्यावर राग धरू नका. तो आपलाच मुलगा आहे. ती जागा भरण्याची मागणी करा, कारण उद्या पदवी घेऊन तो त्याच जागेसाठी अर्ज करणार आहे. आज त्याच्या स्वस्त तासांनी ती जागा कायमची बुजली, तर शिक्षण पुरे झाल्यावर त्याने जायचे कोठे?

मुलाला टेबलावर जरूर पाठवा. पाठवताना त्याच्या हातात एक वही द्या आणि युनियनच्या कचेरीचा पत्ताही द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!