उतार नसलेल्या आजाराची प्रेमकथा

आजारी माणसाच्या उशाशीं बसणाराला आपण नेहमीं एकच प्रश्न विचारतों, "कांहीं उतार आहे का?" प्रश्न मायेचा असतो. परंतु ज्या दुखण्याला उतार म्हणून नसतोच, त्या घरीं हा प्रश्न ऐकतांच उत्तर देणाराची मान खालीं जाते. अशाच एका दुखण्याभोंवतीं गुंफलेल्या अमेरिकन चित्रपटाविषयीं आज आपल्याशीं बोलावयाचें आहे. नवलाची गोष्ट अशी कीं, हा चित्रपट बराचसा विनोदी आहे.

त्याचें नांव 'लव्ह अँड अदर ड्रग्ज'. एडवर्ड झ्विक यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१० सालीं प्रकाशित झाला. जेक जिलेनहाल व ॲन हॅथवे हीं त्यांतील प्रमुख नटनटी. जेमी रीडी या गृहस्थानें औषधें विकण्याच्या आपल्या धंद्यावर लिहिलेलें एक खुसखुशीत पुस्तक २००५ सालीं निघालें होतें. धंद्याचा तपशील त्यांतून घेतला आहे, आणि प्रेमकथा चित्रपटकर्त्यांनीं आपल्या पदरची घातली आहे.

कथा १९९६ सालीं पिट्सबर्ग शहरांत सुरू होते. नायक जेमी रँडल हा वैद्यकीचें शिक्षण अर्धवट टाकलेला, गोडबोल्या आणि रंगेल तरुण. फायझर कंपनीचा विक्रेता म्हणून तो दवाखान्यांचे उंबरठे झिजवितो. डॉक्टरांनीं प्रोझॅक सोडून आपलें झोलोफ्ट लिहून द्यावें म्हणून तो नाना युक्त्या लढवितो. प्रतिस्पर्ध्याचे नमुने तर खुशाल कचऱ्याच्या पेटींत फेंकून देतो. एक बेघर मनुष्य ते नमुने उचलून नेतो, आणि पुढें तोच नीटनेटका होऊन नोकरीच्या मुलाखतीला निघालेला आपणांस दिसतो! १९९८ सालीं व्हायग्रा बाजारांत येतें आणि जेमीचें नशीब फळफळतें. सारांश, प्रत्येक दुःखावर एक गोळी असते आणि ती गोळी विकतां आली पाहिजे, एवढेंच या तरुणाचें तत्त्वज्ञान.

एका दवाखान्यांत शिकाऊ डॉक्टराचें सोंग घेऊन तो उभा असतांना मॅगी मर्डॉक तपासणीसाठीं येते. ही सव्वीस वर्षांची चित्रकर्ती. लबाडी उघडकीस येतांच ती त्याला हातांतल्या पिशवीनें बडविते, आणि ओळख होते ती अशी! मग दोघांचा जणूं एक करारच ठरतो: भेटावें, सुख घ्यावें, पण एकमेकांत गुंतूं नये. हा भाग मुलाबाळांसमवेत पाहण्याजोगा नव्हे, हें येथेंच सांगितलेलें बरें. जेमी गुंतत नाहीं तो स्वभावानें. मॅगी गुंतत नाहीं ती भीतीनें. तिला इतक्या लहान वयांत पार्किन्सनचा रोग जडला आहे.

या रोगाचें पहिलें व्यवस्थित वर्णन १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्यानें केलें. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. मेंदूंतील डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. हात कांपूं लागतो, अंग ताठतें, हालचाली मंदावतात. बहुधा हा रोग साठीच्या आसपास गांठतो, पण क्वचित् तरुणांनाही सोडीत नाहीं. लेव्होडोपा या औषधानें लक्षणें पुष्कळ आटोक्यांत येतात. परंतु रोगाची वाटचाल थांबविणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. मॅगी पांच अवस्थांपैकीं पहिल्या अवस्थेंत आहे, म्हणजे पुढच्या चार तिच्या डोळ्यांसमोर उभ्या आहेत.

शिकागो येथें ती सहज रुग्णांच्या एका मेळाव्यांत जाते. तेथें कांपत्या हातांचीं माणसें आपल्याच कंपावर थट्टा करीत असतात, आणि मॅगी मनमोकळी हंसते. आपण एकट्या नाहीं, हा शोध तिला औषधाहून गुणकारी वाटतो. पुण्यांतही कंपवाताच्या रुग्णांचें व त्यांच्या कुटुंबियांचें एक मित्रमंडळ आहे. त्याची ज्यांना माहिती असेल त्यांना या प्रसंगाचें मर्म सांगावयास नको.

त्याच मेळाव्यांत जेमीला एक गृहस्थ भेटतो. त्याची पत्नी चौथ्या अवस्थेंत आहे. जेमी त्याच्याकडे सल्ला मागतो. गृहस्थ म्हणतो, सामान बांध, एक गोड चिठ्ठी लिही आणि एखादी निरोगी मुलगी शोध. माझें पत्नीवर प्रेम आहे, पण पुन्हां संधि मिळाली तर मी या वाटेनें येणार नाहीं. हा रोग तिच्यांतलें तुला आवडणारें एकेक हिरावून नेईल.

श्रोतेहो, चित्रपटाचें सारें सत्त्व मला या क्षुल्लक पात्राच्या तोंडीं सांपडलें. हा मनुष्य दुष्ट नाहीं. तो थकला आहे. जेमी घाबरतो, पण पळत नाहीं. तो दुसरी चूक करतो. मॅगीला घेऊन तो गांवोगांवच्या तज्ज्ञांकडे धांवूं लागतो. एके ठिकाणीं तपासणी पुढें ढकलली जातांच तो संतापतो, आणि मॅगीला उमगतें कीं याचें प्रेम आपल्या बरें होण्यावर टांगलेलें आहे. ती त्याला दूर करते. वरवर निष्ठेचा वाटणारा तो आटापिटा खरोखर विक्रेत्याचाच होता. ज्या दुःखावर गोळी नाहीं, त्याच्याजवळ स्वस्थ बसणें त्याला ठाऊकच नव्हतें.

स्वस्त औषधांसाठीं कांहीं वृद्धांना घेऊन मॅगी बसनें कॅनडाला निघालेली असते. जेमी ती बस गांठतो. तिची शंका एकच असते: मला तुझी जितकी गरज पडेल तितकी तुला माझी पडणार नाहीं. तो तिला बरें करण्याचें वचन देत नाहीं, सोबतीचें देतो. शिकागोची मोठी नोकरी नाकारून तो पुन्हां वैद्यकी शिकावयाचें ठरवितो.

चित्रपटांत दोष आहेत. जेमीच्या भावाचा आचरट विनोद गंभीर प्रसंगांशीं जुळत नाहीं. आणि कथा संपते तेव्हां मॅगीचा रोग बाल्यावस्थेंतच असतो. चौथी अवस्था आपणांस दाखविली जात नाहीं. तरीही चित्रपटानें त्या थकलेल्या गृहस्थाला खोटें पाडलेलें नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणा होय. त्याचें बोलणें ऐकल्यानंतर दिलेलें वचन आणि न ऐकतां दिलेलें वचन यांची किंमत एक नव्हे.

आपल्या घरांतून शुश्रूषा करणाराला, म्हणजे बहुधा घरांतल्या सुनेला वा पत्नीला, "तूं हें करशील का?" असें कोणी विचारीत नाहीं. तें गृहीतच धरलेलें असतें. तिला थकवा आला तर तो बोलून दाखविण्याचीही सोय नसते. त्या अनोळखी गृहस्थासारखें एकदां कडू बोलून टाकण्याचा अधिकार तिलाही असावा; तेवढ्यानें तिची माया कमी ठरत नाहीं.

म्हणून पुढच्या खेपेस अशा घरीं जाल तेव्हां "उतार आहे का?" हा प्रश्न दाराबाहेर ठेवा. रुग्णाजवळ घटकाभर हंसून बसा, आणि उशाशीं बसलेल्या माणसाला हळूच विचारा, "तुमचें कसें चाललें आहे?" त्या प्रश्नाची वाट पाहणारीं माणसें आपल्या ओळखींत पुष्कळ असतील.