छेद म्हणजे भोक नव्हे
(अकोल्यातील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी एका मुलीनं विचारलं, "सर, बी.एड. करू की नको? पुढं तर कॉम्प्युटरच शिकवणार ना?" मी गणिताचा मास्तर. म्हणजे हा माझ्याही पोटाचा प्रश्न आहे, हे आधीच कबूल करतो.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण बरीच मुलं मोहल्ल्यातली. पाचवीतल्या एका मुलीच्या घरी एकच मोबाईल होता. तो अब्बूंजवळ असायचा. ते रात्री घरी आले की ती अपूर्णांकांचा व्हिडिओ बघायची. व्हिडिओ चांगला होता. मीच पाठवला होता. तिनं तो चारदा पाहिला, तरी गणित जमेना.

शाळा उघडल्यावर मी तिला फळ्यापाशी बोलावलं. तिनं रेघेवर 3 लिहिला, खाली 4 लिहिला आणि 4 भोवती गोल काढला. "हे काय गं?" "छेद, सर." तिच्या घरी उर्दू बोलतात. तिथं छेद म्हणजे भोक!

मी डब्यातली भाकर काढली, चार तुकडे केले. "तुकडे किती केले, तो छेद. त्यातले तू किती घेतले, तो अंश." पाच मिनिटांत काम झालं.

आज एआयही उर्दूत समजावून सांगेल, तेही न कंटाळता. घरी शिकवणारं कुणी नसेल त्यानं ते जरूर वापरावं. पण आपलं घोडं 'छेद' या शब्दापाशी अडलंय, हेच त्या पोरीला ठाऊक नव्हतं. मग ती विचारणार काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले तुम्हाला माहीत आहेत. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मुलं मोबाईलवर कविता ऐकू लागली, व्हिडिओ बघू लागली. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोड कुणीही छापू शकतो. तो कुठल्या मुलासाठी, कुठल्या धड्यावर हवा, हे त्या मास्तरांनी ओळखलं होतं.

आणखी मागं जा. 10 ऑक्टोबर 1856 चं सावित्रीबाईंचं पत्र आहे. आजारपणामुळे त्या नायगावला होत्या. आपण नसल्यानं फातिमाला त्रास पडत असेल, ही काळजी त्यांनी जोतीरावांना कळवली आहे. शिक्षिकेची जागा तेव्हा दुसऱ्या शिक्षिकेनं सांभाळली.

म्हणून वर्गात स्मार्ट टीव्ही आला की टाळ्या वाजवा, पण शिक्षक किती, हेही विचारा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान 1 शिक्षक सांगितला आहे. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत. या हिशेबात टीव्ही धरलेला नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत जा, पटावरची मुलं मोजा, शिक्षक मोजा. कमी असतील तर लेखी अर्ज द्या.

आणि बेटा, तू बी.एड. कर. कॉम्प्युटरही नीट शीक. तुझ्या वर्गात कुणीतरी 4 भोवती गोल काढेल, तेव्हा तू तिथं असायला हवीस.