वनौषधी आणि काटा



मी हमाल-मापाड्यांच्या संघटनेतला माणूस, शास्त्रज्ञ नव्हे. वाचून-विचारून जे समजले तेवढेच सांगणार आहे. बाजारात माल कितीही चांगला दिसो, काट्यावर घातल्यावाचून त्याचे वजन कोणी मान्य करीत नाही. औषधाचेही तसेच आहे.

आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा अनेक देशांत घेत असत. १९५२ साली जमैकातून ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. उंदरांना अर्क दिला. साखर काही उतरली नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. तो धागा धरून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टीन वेगळे काढले व १९५८ साली तसे जाहीर केले. पुढे याच झाडातून निघालेले व्हिन्क्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. ज्या गुणाची ख्याती होती तो काट्यावर उतरला नाही. कोणाच्या ध्यानीमनी नव्हता तो उतरला.

दुसरी गोष्ट आपल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी यांची. अमेरिकेत मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसीन हे द्रव्य काढले आणि १९६६ साली ते जगापुढे मांडले. उंदरांवर गुण दिसला. परंतु माणसांना देताच मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि प्रयोग थांबवावे लागले. त्यात फेरफार करून बनवलेली दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली ती १९९६ साली. तीस वर्षे लागली! तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या झाडातही असल्याचे १९७२ साली दिसून आले. म्हणून नरक्याचा काढा औषध ठरतो काय? नाही. त्यात द्रव्य किती, हे कोणी मोजलेले नसते. आणि विष व औषध यांत अंतर मात्रेचेच.

काचेच्या बशीतल्या पेशी तर कडक मिठाच्या पाण्यानेही मरतात. तेवढ्यावर कोणी 'कर्करोगावर रामबाण' म्हणू लागला तर सावध राहावे.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पश्चात्तापाने सांगतो. आमच्या एका हमालाच्या तोंडातला चट्टा भरेना. कोणी झाडपाल्याची पुडी सुचवली. पाच महिने तो ती घेत राहिला. दवाखान्यात नेले तेव्हा गाठी मानेत उतरल्या होत्या. त्या पुडीसाठी वर्गणी मीच गोळा केली होती.

वैदूची थट्टा करा असे मी म्हणत नाही. त्याच्या ठेव्यातले पान प्रयोगशाळेत जरूर जावे, आणि गुण उतरला तर त्याचा वाटा त्याला मिळावा. परंतु पुडी विकणाऱ्यास विचारा : किती रोग्यांवर तपासले? कोणी? हिशेब कुठे आहे? आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर आधी डॉक्टरांकडून तुकडा तपासून घ्या. वर्गणी लागली तर त्यासाठी काढू.