ताकदीच्या सुईआधी ताटात काय आहे ते पाहू

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरच्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज ‘बी’ जीवनसत्त्वांविषयी बोलू. हे एक जीवनसत्त्व नाही, आठांची भावकी आहे. खाल्लेल्या भात-भाकरीची ताकद अंगाला लावणे, रक्त तयार करणे आणि नसा शाबूत ठेवणे ही त्यांची कामे. बी-12 काही वर्षे यकृतात साठून राहते. बाकीची फार दिवस टिकत नाहीत, म्हणून ती रोजच्या जेवणातूनच यावी लागतात.

त्यातल्या एकाचा शोध आपल्याजवळच, मुंबईत सुरू झाला. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचे रक्त एवढे कमी का होते, हे त्या परळच्या हाफकिन संस्थेत राहून तपासत होत्या. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बाया सुधारू लागल्या. 1931 मध्ये त्यांनी हे छापून जगाला सांगितले. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून ते जीवनसत्त्व वेगळे काढले गेले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल.

हे नाव प्रत्येक सुनेला आणि सासूला माहीत असावे. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. तेव्हा पाळी चुकल्याचेही नीट कळलेले नसते. म्हणून मूल हवे असेल तर आधीपासून, आणि पहिले तीन महिने, 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यायची. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

घरी गेले की कणगीमागे ठेवलेली पाकिटे मला दिसतात. “ताई, मळमळतं, शी काळी होते.” बाई, काळी शी लोहामुळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. चहाबरोबर मात्र घेऊ नका. तरीही त्रास झाला तर नर्सताईंना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आता ताटाकडे येऊ. टाकळा, माठ, शेवग्याचा पाला, चवळी, मूग यांत फॉलिक आम्ल आहे. भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि फार वेळ शिजवू नका. तांदूळ जास्त पॉलिश केला की कोंड्याबरोबर बी-1 जाते. भाताचे पाणी ओतून टाकले तर उरलेलेही जाते. आपल्या आजीची पेज म्हणूनच शहाणपणाची होती. बी-12 पाल्याभाजीत नसते. ते अंडी, दूध, मासळी, खेकडे, मटण यांतून मिळते. अंगणवाडीतली अंडी मुलांना चुकवू नका.

रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे “प्लास्टिकचे” म्हणून निवडून टाकू नका. ते तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घातलेले असते. शंभर दाण्यांत असा साधारण एकच असतो.

मग जास्त घेतले तर जास्त ताकद येईल का? नाही. पुष्कळसे लघवीवाटे निघून जाते, पण सगळेच निरुपद्रवी नसते. बी-6 च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पायाला मुंग्या येतात, नसा बिघडतात. बी-3 अति झाले तर यकृताला इजा होते. बी-12 कमी असताना नुसते फॉलिक आम्ल भरपूर घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, आणि नसांचे नुकसान आत चालूच राहते.

म्हणूनच ‘ताकदीची सुई’ टोचून घेण्याआधी विचार करा. तपासणीत बी-12 कमी निघाले तर डॉक्टर इंजेक्शन देतात, ते योग्यच आहे. पण न तपासता, दिवसाची मजुरी देऊन घेतलेल्या सुईने खरा आजार झाकला जातो. थकव्यामागे क्षयरोग असू शकतो, हिवताप असू शकतो, सिकलसेलही असू शकतो. सिकलसेलच्या रुग्णांना डॉक्टर फॉलिक आम्ल देतात, पण लोहाची गोळी त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

भावांनो, तुम्हालाही एक सांगते. दारू बी-1 आणि फॉलिक आम्ल अंगाला लागू देत नाही. जेवण सोडून प्यायले तर आधी नसा जातात, मग डोके.

दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे आशाताई भेटतीलच असे नाही. निघण्याआधी त्यांच्याकडून महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या आणि माता-बाल कार्ड मागून घ्या. भांडीकुंडी बांधताना ते कार्ड सगळ्यांत वर ठेवा.