आमचा बिगूल-ड्रम बँड

(उत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'बँड' म्हणालो. त्यांनी फलकावर लिहिलं 'बाँड'. निवृत्त माणूस बोलणार म्हणजे गुंतवणुकीवरच बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. समोर दोघे-तिघे वही-पेन घेऊन बसलेले दिसताहेत. त्यांची आधीच क्षमा मागतो. पैसे वाढवण्याचा एकही मार्ग आज मी सांगणार नाही. शेवटी थोडा खर्च मात्र सुचवणार आहे.

साल १९६९. मी आठवीत होतो. वडील गन कॅरेज फॅक्टरीत. १९०४ सालची ही फॅक्टरी २०२१ च्या ऑक्टोबरपासून एका सरकारी कंपनीचा भाग झाली, नाव लांबलचक झालं, पण आपण सगळे अजून जीसीएफच म्हणतो. तेव्हा इस्टेटमधली आमची सकाळ दोन आवाजांनी व्हायची. एक फॅक्टरीचा भोंगा. दुसरा, वारा तिकडून असला तर, छावणीतला बिगूल. भोंगा वडिलांना बोलवायचा आणि बिगूल मला, अशी माझी समजूत होती.

त्याच वर्षी आमच्या शाळेत बँड सुरू झाला. आठ बिगूल, सहा साइड ड्रम, एक बास ड्रम, झांजांची एक जोडी. बिगूल मेरठचे. आपल्या देशातली पितळी वाद्यं बहुतेक तिथेच, जली कोठी भागात तयार होतात. शिकवायला मिळाले एक निवृत्त हवालदार. पलटणीच्या बँडमध्ये आयुष्य काढलेले, पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलेले. जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं १९५० मध्ये सुरू झालेली ती शाळा इथून काही तासांवर आहे. आपण पचमढीला धबधबे पाहायला जातो, पण फौजेतले बँडमास्टर तिथे तयार होतात हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बिगूल हे मोठं गरीब वाद्य. त्याला भोकं नाहीत, पट्ट्या नाहीत, दट्ट्या नाहीत. साडेचार फुटांच्या आसपास नळी, गुंडाळलेली. एका टोकाला तोंड लावायचं, दुसऱ्या टोकाला कर्णा. बोटांना काही काम नाही, सगळं ओठांच्या ताणावर आणि पोटातल्या हवेवर. आणि स्वर मिळतात किती? रोजच्या वापरातले पाच. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग आणि त्याच्याही वरचा प. रे नाही, म नाही, ध-नि नाहीत. त्यामुळे गणपतीची आरती बिगुलावर वाजूच शकत नाही. आम्ही हट्टानं प्रयत्न करून पाहिला. हवालदारसाहेबांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, बिगुल हुकुम देता है, भजन नहीं गाता."

पहिले दोन महिने ओठ फुटायचे. आई रात्री लोणी लावायची आणि सकाळी शेजारच्या काकू तिला ऐकवायच्या, "तुमच्या मुलाला बरं नाही का? पहाटे कण्हत असतो." रविवारी बिगुलाला ब्रासो लावून पुसायचं. तो वास अजून नाकात आहे.

माझ्या शेजारी एक साइड ड्रमवाला उभा राहायचा. त्याचं नाव मी घेत नाही, त्याची मुलंबाळं याच शहरात आहेत. घमापूरला राहायचा, घरची भाषा बुंदेली. आपल्या 'काय'ला बुंदेलीतही 'काय'च म्हणतात, यावरून आमची दोस्ती झाली. त्याचा काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. ताल त्याच्या हातात जन्मापासूनच होता. ड्रमचा पहिला धडा असतो 'डॅडी-मम्मी'. उजव्या हातानं दोन ठोके, डाव्या हातानं दोन. डॅ-डी, म-मी. हळूहळू वेग वाढवत न्यायचा. एका क्षणी सुटे ठोके ऐकू येणं बंद होतं आणि सुपात तांदूळ ओतल्यासारखा एकसलग आवाज येतो. आम्हाला त्याला तीन महिने लागले. यानं चौथ्या दिवशी बाकावर दोन पेन्सिलींनी करून दाखवलं. भूगोलाच्या तासाला. त्याबद्दल छडीही खाल्ली. दुपारच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर घरी यायचा आणि आई दोघांना गूळ-पोळी द्यायची. तिला तो 'अम्मा' म्हणायचा.

१९७० च्या अनंत चतुर्दशीला आपल्या मिरवणुकीत आमचा बँड पुढे होता. सतपुल्यापासून ग्वारीघाटापर्यंत, सगळं अंतर पायी. ड्रमला तेव्हा चामडं असायचं आणि भाद्रपदातली हवा चामड्याची वैरीण. दमट हवेत ते असं सैल पडतं की ठोका मारला तर उशीवर मारल्यासारखा आवाज. मग दोरीवरचे चामड्याचे कान खाली ओढून ताण द्यायचा, तरी नाही जमलं तर रस्त्याच्या कडेला जुनी वर्तमानपत्रं पेटवून ड्रम शेकायचे. मागे गणपती थांबलेला, पुढे आम्ही ड्रम शेकतोय, आणि कार्यकर्ते घड्याळ बघताहेत! रामपूरच्या पुढे पाऊसच आला. बास ड्रम गेला, पाच साइड ड्रम गेले. याचा एकटा वाजत होता, कारण आईनं माझ्यासाठी दिलेलं मेणकापड मी बिगूल पितळेचा म्हणून त्याला देऊन टाकलं होतं. उरलेला सगळा रस्ता एक ड्रम आणि एक बिगूल. बाकीचे नुसते पावलं टाकत होते, पण एकाचंही पाऊल चुकलं नाही.

घाटावर मूर्ती पाण्यात गेल्यावर हवालदारसाहेबांनी मला 'रिट्रीट' वाजवायला सांगितलं. सूर्यास्ताला निशाण उतरवताना वाजते ती हाक. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, ते आता आपण टीव्हीवर पाहतो. तेव्हा टीव्ही कुठला? नर्मदेवर अंधार पडत होता, मी पाच स्वर वाजवले, त्यानं शेवटी एक लांब रोल दिला आणि हळूहळू इतका बारीक करत नेला की तो कधी थांबला आणि पाण्याचा आवाज कधी सुरू झाला, कळलं नाही.

पुढच्या वर्षी त्याचे वडील गेले. शाळा सुटली आणि काकाबरोबर तो लग्नाच्या बँडमध्ये गेला. हवालदारसाहेब गावी परतले. बिगूल शाळेच्या कपाटात गेले. मी १९७३ मध्ये फॅक्टरीत अ‍ॅप्रेंटिस लागलो. एवढंच.

आता मध्येच तुम्हाला कॅनडात नेतो. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलाकडे टोरांटोजवळ राहिलो होतो. एक जुलैला तिथे कॅनडा डेचं संचलन असतं. त्यात सत्तरी गाठलेले पंचवीस-तीस म्हातारे बिगूल आणि ड्रम वाजवत चालत होते. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो तो चालू लागलो! त्यातले एक गृहस्थ मुलाच्या शेजारचेच निघाले. मग रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात आमची बैठक. तिकडे याला 'ड्रम अँड बिगूल कोअर' म्हणतात. मूळ तेच, इंग्रजांच्या पलटणीतलं. युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटना, चर्च, शाळा, गावातले क्लब यांनी मुलांची पथकं उभी केली. १९५० आणि ६० च्या दशकांत ओंटारिओ आणि क्वेबेकमध्ये अशी पथकं गावोगाव होती. टोरांटोमध्ये ऑप्टिमिस्ट्स आणि डे ला साल या दोन पथकांची चुरस म्हणजे आपल्या पुण्यातल्या मानाच्या गणपतींच्या पथकांसारखी. मैदानावर स्पर्धा, आणि पाऊल चुकलं, रांग वाकडी झाली की गुण कापायचे. १९७२ पासून अमेरिकेत मोठी स्पर्धा सुरू झाली. तिथे जायचं म्हणजे उन्हाळाभर बसनं हिंडायचं. बिगुलाला आधी एक, मग दोन आणि १९९० मध्ये तीन दट्ट्या आल्या, म्हणजे त्याला सगळे स्वर मिळाले. वाद्यं सुधारली, खर्च वाढला आणि पथकं एकमेकांत विलीन होत होत कॅनडात मोजकीच उरली. दट्ट्यांचा विषय निघाला की ते गृहस्थ तोंड वाकडं करायचे. मलाही ते पटायचं. पाच स्वरांतच मजा आहे.

त्यांनी मला १९६४ चा एक फोटो दाखवला. बोट ठेवून सांगत गेले, हा पुढे बसचालक झाला, हा वकील, हा तुरुंगात जाऊन आला, हा गेल्या वर्षी वारला. अजूनही महिन्यातून एकदा सगळे जमतात. मग सहज विचारलं, "तुमच्या शेजारी जो ड्रम वाजवायचा, तो कुठे असतो?"

मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजी येत नाही असं दाखवून वेळ मारून नेली. जे त्यांना सांगितलं नाही ते आज तुम्हाला सांगतो.

१९८५. मी नुकताच चार्जमन झालो होतो. नेपियर टाउनमध्ये आमच्या एका साहेबांच्या मुलाची वरात होती. मी नवा सूट शिवला होता, साहेबांच्या बरोबरीनं चालत होतो. डोक्यावर दिवे घेतलेली माणसं दोन्ही बाजूंना, मध्ये बँड. लाल कोट, सोनेरी झालर, दोन माप मोठी टोपी, आणि गळ्यात ड्रम. तोच. त्यानं मला पाहिलं, हसला आणि ड्रमची काठी कपाळाला लावून सलाम केला. साहेबांनी विचारलं, "पहचान का है?" मी म्हणालो, "नहीं सर." आणि दुसरीकडे पाहिलं. ठोका चुकला नाही त्याचा. पण परत त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मांडवाच्या दारात बँड थांबला, आम्ही आत जेवायला गेलो.

ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांनी आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' नावाचा ग्रंथ २००५ मध्ये लिहिला. परक्या देशाचा माणूस येऊन या लोकांजवळ बसला, त्यांच्याशी बोलला. मी एकाच शहरात राहून ते केलं नाही.

२२ मे १९९७ ची पहाट इथल्या प्रत्येकाला आठवते. सव्वाचारनंतर भूकंप झाला. सगळे रस्त्यावर. आईला खाटेसकट बाहेर आणून ठेवलं होतं. उजाडता उजाडता सायकलवरून एक माणूस आला. लाल पँट, वर बनियन, कॅरिअरला ड्रम बांधलेला. लग्नसराई होती, रात्रभर वाजवून तो घरी परतला होता, स्वतःच्या घराची पडलेली भिंत पाहून इकडे आला होता. मला म्हणाला, "काय बड्डे, अम्मा कैसी हैं?" बारा वर्षांपूर्वी मी तोंड फिरवलं, त्याआधीची चौदा वर्षं भेटलोच नव्हतो, आणि हा 'काय बड्डे' म्हणाला. आईनं आवाजावरून ओळखलं. तिनं विचारलं, "जेवलास का रे?" पहाटे साडेपाचला! तो हसला, तिच्या पाया पडला आणि गेला. घरात शिरायला सगळेच घाबरत होते, त्यामुळे चहाही झाला नाही. त्या वरातीबद्दल मी काही बोललो नाही. त्यानंही नाही.

त्यानंतर भेटायचं ठरवत राहिलो. २०११ मध्ये तो गेला. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

आता खर्चाचं. गेल्या वर्षी आपल्या मिरवणुकीत डीजेच्या दोन गाड्या होत्या. माझ्या घराच्या खिडकीची काच तडकली. मुलांवर माझा राग नाही. नाचण्याचं वय आहे, आणि पहाटे बिगूल वाजवून मीही लोकांची झोप कमी मोडलेली नाही. तरी समितीला विनंती केली आणि तरुण कार्यकर्त्यांनी मोठ्या मनानं मान्य केली, की यंदा एकच गाडी, आणि पुढे बँड. माझ्या मित्राचा मुलगा आता बँड चालवतो, बारा माणसांचा. ड्रमला हल्ली प्लास्टिकचा पडदा असतो, त्यामुळे शेकायला वर्तमानपत्रं नकोत. बिदागी मी देणार आहे, ते आमचं ठरलं आहे. बोलणी झाल्यावर त्यानं एकच विचारलं, "अंकल, खाने का पैकेट मिलेगा ना?"

मी त्याला सांगितलं, पॅकेट नाही. त्या दिवशी मिरवणूक निघण्याआधी आपली पंगत असते, त्या पंगतीत. तेव्हा स्वयंपाकाची जबाबदारी घेतलेल्या भगिनींना विनंती, की पानं मोजताना बारा जास्त धरा.

आणि हो, आपली मूर्ती आता नर्मदेच्या पात्रात जात नाही, भटौलीच्या कुंडात जाते. तिथे विसर्जनानंतर एक बिगूल वाजेल. मेरठहून मागवला आहे. सौभाग्यवती महिनाभर कानात कापूस घालून बसल्या आहेत. सत्तरीचे ओठ आहेत, स्वर फाटला तर सांभाळून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!