एक्का मोठा की दश्शी?



घरात तुरीचे किंवा सोयाबीनचे दाणे असतील, आणि नांदेड-लातुरात ते नसलेलं घर शोधावंच लागेल, तर दहा दाणे आणि एक लहान ताटली घेऊन बसा. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. आजचं चित्र तुम्हीच मांडायचं आहे.

टॅरोची पानं आता मोबाइलमुळे आपल्याकडेही पोचली आहेत. पंजा आला की भांडण, दश्शी आली की एखादी गोष्ट तडीला गेली, असं सांगणारे भेटतात. 78 पानांतली 22 मोठ्या चित्रांची, बाकी 56. त्यांतली राजे-राण्यांची सोळा बाजूला काढली की चाळीस साधी, आकड्यांची. ही पानं 15व्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाली. भविष्य त्यांना चिकटलं ते 18व्या शतकाच्या उत्तरार्धात. मग 1909 साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढलेला संच निघाला, त्यात आकड्याच्या पानांवरही माणसं आली. तिच्या पेल्यांच्या पंज्यावर काळा झगा पांघरून एक माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले उपडे पडलेत, आणि पाठीमागे दोन शाबूत उभे आहेत, पण तो वळून बघत नाही. पाच म्हणजे गेलेले तीन नि उरलेले दोन. भविष्याशी मला काही देणंघेणं नाही, पण हिशेबातून माणसाचं मन काढून दाखवणारं हे चित्र मला फार आवडतं.

आपल्या मराठी मुलखातल्या चिताऱ्यानं मात्र वेगळीच वाट धरली. त्यानं आकड्याला गोष्ट चिकटवली नाही. आकड्याला नुसतं रूप दिलं.

मी बोलतोय ते गंजिफांबद्दल. हा खेळ इराणकडून आला. बाबरानं 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. पुढे ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार अशा मोगली चिन्हांच्या जागी विष्णूचे अवतार बसले. नांदेडच्या शेजारच्या निर्मळचे नकाशी कारागीरही गंजिफा रंगवत. आपल्या राज्यात ही कला टिकली ती सावंतवाडीला. तिथंही ती विझायलाच आली होती. 1970च्या दशकात राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून तिला उभं केलं. चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवायचे, वर रंग, त्यावर लाख. पान गोल.

दशावतारी संचात दहा अवतारांची दहा घरं, म्हणजे पत्त्यांतले रंग. प्रत्येक घरात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, म्हणजे एकूण 120. मत्स्याच्या घरात मासे, कूर्माच्या घरात कासवं, परशुरामाच्या घरात परशू. माहूरच्या रेणुकेच्या लेकराचं हे घर आपल्याला परकं नको वाटायला. तसंही आकड्याशी आपलं नातं नुसतं मोजण्यापुरतं कधी नव्हतंच. शक्तिपीठं साडेतीन मानणारी माणसं आपण. माहूर पूर्ण, वणी अर्धं. अर्ध्यालाही मान देणाऱ्याला हे पत्ते कळायला अवघड जाऊ नयेत.

आता दाणे घ्या. ताटलीच्या मध्ये एक ठेवा, भोवती चार. झाला पंजा, देवळाच्या मध्ये गाभारा असावा तसा दिसतो. चाराच्या जागी सहा ठेवा. सगळे दाणे अगदी एकसारखे गोल असते, तर मधल्याला आणि शेजाऱ्याला टेकून सहाच बसले असते, सातव्याला जागाच नाही. म्हणून सत्ती गोल पानावर अशी निवांत बसते. आता अठ्ठी करून बघा. मध्ये एक ठेवून भोवती सात बसवाल तर रेटारेटी होते. तीन-दोन-तीन अशा ओळी करा, नाहीतर मधली जागा रिकामी सोडून कडेनं फेर धरा. चिताऱ्यासमोर दर वेळी हाच पेच असतो. पानाला कोपरा नाही, म्हणून कोपऱ्यात आकडा लिहायची सोय नाही. खेळणाऱ्यानं मांडणी बघूनच पान ओळखायचं. गंजिफा हातात आल्या की आधी राजाचा मुकुट बघू नका. अठ्ठी बघा, चितारी किती पाण्यात आहे ते तिथं कळतं.

आणि या आकड्यांची खरी गंमत खेळताना कळते. दहा घरांपैकी पाच घरांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या पाच घरांत नेमकं उलटं: एक्का मोठा, दश्शी तळाला. मोगली गंजिफेतही असंच. ताज नि शमशेर यांत दहा वरचढ, पण सोन्याच्या नाण्यांच्या घरात एक. नवल म्हणजे इटलीतल्या जुन्या टॅरोच्या डावातही तलवारी आणि दांडे यांत दहा मोठा, पेले आणि नाणी यांत एक मोठा. दोन्ही खेळांचं मूळ कुठंतरी एक असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं ते यामुळेच. तेव्हा पाच म्हणजे अमुक नि दहा म्हणजे तमुक असं कुणी ठासून सांगू लागलं, की मी आधी विचारतो, "कुठल्या घरातला?"

दशावतारी गंजिफेचा डाव तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पानं. आपल्या पत्त्यांसारखा हुकूम नाही. दिवसा खेळाल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्यानं उतारी करायची. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्यानं.

आता दिवेलागण होऊन गेली आहे. म्हणजे उतारी कृष्णाची. ताटलीतले दाणे मात्र उचलू नका. अठ्ठी अजून नीट बसलेली नाही.