कोणता शिक्षक कोणत्या वर्गावर?

"बी.एड. झालंय, आता कुठल्याही वर्गावर शिकवता येईल," हा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे. तसं नाही. पहिली ते पाचवीसाठी लागतं डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. प्राथमिक वर्गांना बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. मला तो पटतो. पहिलीतल्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेणं हे वेगळंच कसब आहे.

सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. इथं १५० पैकी ६० गुण एकतर गणित-विज्ञानाचे, नाहीतर सामाजिक शास्त्रांचे. तेव्हा अर्ज भरतानाच आपली पदवी कशातली आहे ते पाहा. उत्तीर्ण व्हायला ९० गुण हवेत, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पूर्वी ते सात वर्षांचंच होतं.

नववी-दहावीला विषयाची पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

आणि टीईटी म्हणजे नोकरी नव्हे बरं का! भरतीसाठी २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी निराळी. तिला म्हणतात टेट. नावं इतकी सारखी, की गोंधळ व्हायचाच.